तोनामावशीच्या क्रूसाखाली

खरं सांगते, त्या आठवड्यात कुणी मला माझं नाव विचारलं असतं, तर तेही मी शेजारणीला विचारून सांगितलं असतं. इतका घोळ! आणि वस्तीच्या समितीची अध्यक्षीण मी, म्हणजे घोळ कुणीही घालावा, निस्तरायला मेंचा. निवडीच्या दिवशी सगळ्यांनी माझ्या नावाला हात वर केले ते काही प्रेमानं नव्हे. दुसरं कुणी तयारच नव्हतं.

सुरुवात केली रुतिलिओनं. लढाईत हा आमच्या टोळीचं सामान सांभाळायचा. सामान म्हणजे बंदुकीच्या गोळ्या, उखळी तोफेचे गोळे, स्फोटकं. डोंगरात खड्डे खणायचे, पेट्या पुरायच्या, लागतील तेव्हा काढायच्या, हे त्याचं काम. आता तो घेवडा लावतो आणि कोंबड्या पाळतो. तर हा सकाळी सकाळी टोपी हातात धरून माझ्या दारात उभा. टोपी काढून आला म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं.

"मेंचा, एक राहिलाय," तो म्हणाला.

"काय राहिलंय? कोंबडं?"

"साठा. तह झाला तेव्हा सगळे दाखवले, एक दाखवला नाही. वरून सांगितलं होतं, एखादा मागं ठेवा, शांतता टिकली नाही तर हाताशी असू दे."

"कुठाय तो?"

"इथंच. वस्तीत."

"अरे वस्तीत म्हणजे कुठं?"

"ते आठवत असतं तर तुझ्या दारात आलो असतो का?"

मी हातातलं पीठ तसंच परातीत आपटलं. म्हटलं, मुडद्या, पोरंबाळं खेळतात इथं, चुली पेटतात, आणि तू आत्ता सांगतोस? तर म्हणे पलीकडच्या खोऱ्यात पेरणीआधी एकजण शेत भाजत होता, खालचा साठा तापला आणि उडाला. तो गेला, बैल गेले. तेव्हापासून याला झोप नाही. आमच्याकडंही शेतं भाजायचे दिवस तोंडावर आलेले. मक्याची वाळलेली ताटं रचून तयार होती.

निरोप धाडला. तालुक्याहून दारूगोळा काढणारं पथक आलं: सार्जंट मेल्गार, त्याची चार माणसं, जमिनीवरून फिरवून लोखंड हुडकायचं एक यंत्र, आणि तह पाळला जातोय का ते बघणारा निळ्या टोपीचा एक परदेशी निरीक्षक. त्या निरीक्षकाला आमचं बोलणं अर्धंच कळायचं. मला त्याचा आधार वाटायचा. निदान एक माणूस तरी माझ्याइतकाच गोंधळलेला होता.

सार्जंट मेल्गार आधी सैन्यात होता. म्हणजे ज्या सैन्यानं आमची जुनी घरं जाळली त्याच सैन्यात. रुतिलिओ आणि तो समोरासमोर आले तेव्हा मी मनात म्हटलं, आता होतंय काहीतरी. पण दोघांनी नुसती मान हलवली, आणि मेल्गार म्हणाला, "खूण काय ठेवली होती?"

"क्रूस," रुतिलिओ म्हणाला. "हिओतेच्या लाकडाचा."

झालं! तिथंच माझं डोकं फिरलं.

आमच्याकडं मे महिन्याच्या तीन तारखेला अंगणात क्रूस लावतात. नाही लावला तर त्या दिवशी सैतान येऊन अंगणात नाचतो. आणि क्रूस लावायचा तो हिओतेच्याच फांदीचा, कारण ते लाकूड मेलं असं वाटतं आणि मरत नाही. तांबडं खोड, खरूज झाल्यासारखी सालपटं निघतात, म्हणून नावही तेच पडलं. कुठंही खुपसा, पहिल्या पावसात मुळं धरतं. रुतिलिओच्या टोळीनं शक्कल काढली होती की साठा पुरला की वर क्रूस रोवायचा. ओसाड पडलेल्या घराचं अंगण समजून शिपाई पुढं जायचे. शिपाई तरी कोण? आमच्यासारख्यांचीच पोरं.

"मी कधी क्रूसाला हात लावला नाही," मेल्गार म्हणाला. "आईनं चामडी लोळवली असती."

"म्हणूनच लावायचो," रुतिलिओ म्हणाला.

शक्कल चांगली होती. पण नंतरचं कुणाच्या डोक्यात आलं? लढाई लांबली, क्रूसांची झाडं झाली. आम्ही निर्वासितांच्या छावणीतून परत आलो, तेव्हा जिथं क्रूसाचं झाड दिसलं तिथं आम्हाला वाटलं, इथं कुणाचं तरी अंगण होतं, जागा शुभ आहे, बांधा घर. बांधली. मग दर वर्षी नवीन क्रूस लावले, तेही फुटले. त्यांच्या फांद्या तोडून कुंपणं केली, कुंपणंही फुटली. आता वस्तीत हिओते नाही असा एक कोपरा दाखवा! आणि हा बाबा म्हणतो, साठा हिओतेखाली आहे.

"आणखी काही आठवतंय?" मेल्गारनं विचारलं.

"शेजारी एक मोठं झाड होतं. कोनाकास्तेचं. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असं."

वस्तीत कोनाकास्ते एकही नव्हतं. बॉम्बफेकीत सगळी जळून गेली होती.

मग सुरू झाला तमाशा. यंत्र जिथं न्यावं तिथं ओरडायचं. ओरडणार नाही तर काय? आमच्या मातीत मातीपेक्षा लोखंड जास्त. लुसिओच्या अंगणात ओरडलं म्हणून सगळ्यांना पिटाळून जपून खणलं, तर निघालं शिवणयंत्र. पळून जाताना त्याच्या बायकोनं पुरलं होतं आणि इतकी वर्षं ती भलत्याच कोपऱ्यात शोधत होती. बाई त्या गंजक्या यंत्राला मिठी मारून रडली. विहिरीजवळ खणलं, मका दळायचं लोखंडी जातं निघालं. त्यावर दोन घरांनी हक्क सांगितला आणि भांडण माझ्याकडं आलं. शाळेमागं खणलं, तवा निघाला. दारूगोळा सोडून सगळ्या गावाचा संसार वर आला. लोक तर पथकाला बोलवायला लागले, सार्जंट, आमच्याकडं पण खणा ना, माझ्या सासूचे चमचे असतील.

निळ्या टोपीवाला मला म्हणाला, "बाई, हे सगळं साठ्यात होतं?"

"नाही हो," मी म्हटलं. "हे आमच्या आयुष्यात होतं." त्यानं ते लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

शेवटी एकच जागा उरली, जिथं जायला सगळेच टाळत होते. तोनामावशीचं घर.

तोनामावशी माझी सख्खी मावशी नव्हे, पण वस्तीत ती सगळ्यांचीच मावशी. तिचा एकुलता पोरगा लिसांद्रो, मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं, टोळीत गेला आणि मेला. छावणीत असताना चायो तिला भेटली. चायो ही टोळीतली परिचारिका. तिनं सांगितलं, मावशी, मी स्वतः पुरलाय त्याला, उतारावर, कोनाकास्तेजवळ, हिओतेच्या क्रूसाखाली. परत आल्यावर मावशीनं उतार न् उतार पालथा घातला. एके ठिकाणी तिला कोनाकास्तेचा जळका बुंधा सापडला आणि शेजारी पानांनी भरलेला क्रूस. तिथंच तिनं घर बांधलं. चूल बांधली ती क्रूसापासून हातभर अंतरावर. लोक म्हणाले, मावशी, थडग्याजवळ चूल? तर म्हणाली, डोंगरात पोरगं फार गारठलं, आता ऊब लागू दे.

जिवंत कोनाकास्ते शोधताना जळक्या बुंध्याचा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्या तर नाहीच. तो बुंधा आमच्या लेखी मावशीचं डुक्कर बांधायचा खुंट होता.

रुतिलिओनं तो बुंधा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"इथं," तो म्हणाला. "इथंच मी पेट्या उतरवल्या."

मावशी चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय उतरवलंस?"

"गोळे, मावशी. आणि आम्ही घरी बनवलेली स्फोटकं."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! इथं माझा लिसांद्रो आहे. फटाक्याला घाबरायचं ते पोरगं. नाताळात माझ्या शालीत शिरून बसायचं, मी त्याचे कान झाकायचे, तेव्हा कुठं थरथर थांबायची. त्याच्याजवळ गोळे? काहीतरीच."

मेल्गार चुलीकडं बघत होता. गुडघ्यावर बसून त्यानं क्रूसाजवळच्या मातीला तळहात लावला आणि तो पटकन काढला नाही, ठेवून दिला. माती कोमट होती.

"आई," तो मावशीला म्हणाला, "आधी चूल विझवा."

"तुमच्या सैन्यानं एकदा विझवली होती माझी चूल," मावशी म्हणाली. "पुन्हा नाही विझायची."

मेल्गारनं मान खाली घातली. मग मीच पुढं झाले. विस्तव काढला, घमेल्यात भरला आणि लांब नेऊन माती टाकली. मावशी माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. भाकऱ्या कच्च्याच राहिल्या.

चायोला बोलावणं धाडलं. ती दोन डोंगर पलीकडं दवाखान्यात काम करते. दुसऱ्या दिवशी आली ती तणतणतच.

"कोण म्हणतं इथं साठा आहे? या हातांनी पुरलंय मी त्याला! पायाला लागलं होतं, रक्त थांबेना, माझ्या मांडीवर गेला."

"आणि या हातांनी मी पेट्या पुरल्यात," रुतिलिओ म्हणाला.

"तू तर शर्टाचं बटण कुठं पडलं तेही विसरतोस!"

"आणि तू? तू रडत होतीस, अंधार होता. तुला काय दिसलं असेल?"

"मला कोनाकास्ते दिसलं! क्रूस दिसला!"

"क्रूस मी लावला!"

"चोराच्या उलट्या बोंबा! क्रूस काय थडग्याशिवाय लावतात?"

निम्मी वस्ती चायोच्या बाजूनं, निम्मी रुतिलिओच्या. दोघांनीही मारियामातेची शपथ घेतली. मी दोघांना लहानपणापासून ओळखते. चायो खोटं बोलत नाही. रुतिलिओला खोटं बोलताच येत नाही, प्रयत्न केला तर कान लाल होतात. मी त्याचे कान पाहिले, लाल नव्हते. मग खोटं कोण बोलतंय? की दोन कोनाकास्ते होती? की दोन लिसांद्रो? मी इकडं मान वळवली की हा खरा वाटे, तिकडं वळवली की ती खरी वाटे. शेवटी मी ओरडले, "गप्प बसा दोघं! माझ्या डोक्याची मंडई केलीत."

मग मावशी बोलली. अगदी हळू.

"खाली गोळे निघाले, तर माझं पोरगं कुठाय?"

म्हणजे ही बाई इतकी वर्षं कुणाला ऊब देत होती? कुणासाठी फुलं आणत होती? आणि नाही खणलं, तर शेतं पेटतील, उतार तापेल, मग मावशी आणि आम्ही सगळेच जाऊ. इकडं आड, तिकडं विहीर. मला तर वाटलं, सगळं गाव उचलून दुसरीकडं न्यावं आणि मावशीला तिचा क्रूस ठेवू द्यावा.

मेल्गार तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "आई, खाली तुमचा मुलगा असेल तर मी माफी मागून होता तसा झाकीन. मला एवढंच बघू द्या."

मावशीनं त्याच्या मागं पाहिलं. पथकातल्या एकाच्या हातात लांब सळई होती, मातीत खुपसून चाचपायची.

"ती सळई नको," ती म्हणाली. "पोराला टोचेल."

"नाही वापरणार. हातानं काढीन माती."

"मग काढ."

आम्हा सगळ्यांना समोरच्या उतारावर पिटाळलं. मावशी जाईना. मी तिला दंडाला धरून ओढत नेलं आणि ती वाटभर मला शिव्या देत होती. दगडांच्या आडोशाला आम्ही बसलो. तिथून मेल्गार एवढासा दिसत होता. पालथा पडून थापीनं आणि बोटांनी माती काढत होता. मधेच थांबायचा, घाम पुसायचा. ऊन वर आलं. वस्तीतल्या बाया जपमाळ ओढत होत्या. रुतिलिओ एकटाच लांब बसला होता. मला स्वतःचंच कळेना, कशासाठी प्रार्थना करू? हाडं निघावीत म्हणून? की निघू नयेत म्हणून? मी नुसतंच "मारियामाते, बघ तूच" असं म्हणत राहिले.

मेल्गारनं हात वर केला. चायोला एकटीला खाली बोलावलं. ती गेली, वाकली, आणि तिथंच गुडघ्यावर बसली.

वर येऊन म्हणाली, "तोच आहे. पायाला मी बांधलेली फळी अजून तशीच आहे."

बाप रे, काय सुटका वाटली! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटले. आणि मग सगळे तुटून पडले रुतिलिओवर. "काय रे, साठा कुठाय तुझा? कोंबड्यांनी खाल्ला का?" "याला म्हातारचळ लागला!" मीपण दोन शब्द सुनावले, खोटं कशाला सांगू. त्याचे कान मात्र अजूनही लाल नव्हते.

पण मेल्गार वर येत नव्हता. त्यानं यंत्र मागवलं. खड्ड्यावर धरलं. आम्हाला इतक्या लांबून ऐकू आलं, असं ते कोकललं. मग तो सावकाश चढून वर आला, हातात चायोनं लिसांद्रोच्या पायाला बांधलेली फळी. मातीनं माखलेली. अंगठ्यानं पुसून त्यानं ती चायोला दाखवली. फळीवर रंगवलेली अक्षरं होती, पेटीवर असतात तशी.

"ही कुठून आणलीस?"

"तिथंच पडली होती. खड्ड्याच्या काठाला." चायो बोलता बोलता थांबली. "खड्डा... खड्डा तयारच होता. अर्धा बुजलेला, माती भुसभुशीत. मला वाटलं, देवानंच सोय केली. माझ्या अंगात खणायची ताकद कुठं होती?"

"तिथं पुरायला कुणी सांगितलं?"

"टोळीच्या कमांडरनं. म्हणाला, इथंच पुर, जागा चांगली आहे."

मेल्गार रुतिलिओकडं वळला. "आणि तू खड्डा वरपर्यंत बुजवलास?"

रुतिलिओ उठून उभा राहिला होता. "पेट्या खाली ठेवल्या. वर दगड रचले. क्रूस कडेला रोवला. माती टाकायला लागलो, तेवढ्यात कमांडर आला. म्हणाला, तू जा, वरचं मी बघतो."

आमच्यात रीतच होती तशी. यायचं, आपलं काम करायचं, निघायचं. आधी काय झालं, नंतर काय होणार, विचारायचं नाही. पकडले गेलो तर सांगायला काही नको. त्या रीतीनं आमच्यातले किती जीव वाचले. आणि त्याच रीतीमुळं रुतिलिओला निम्मा खड्डा माहीत होता, चायोला निम्मा. पुरा माहीत असणारा कमांडर आता राजधानीत टाय लावून भाषणं देतो.

मला समजायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू. मी एकदा याच्या तोंडाकडं बघायची, एकदा तिच्या. मावशीला माझ्याआधी समजलं.

"वरचं मी बघतो," ती म्हणाली. "वरचं म्हणजे माझं पोरगं."

ती उठली.

"शिपायांनी खणलंच, तर आधी हाडं लागावीत, म्हणून." मावशी रुतिलिओजवळ गेली. ती त्याच्या छातीएवढीसुद्धा नाही. "लढताना मेला, ते मी गिळलं. पण मेल्यावरसुद्धा पहाऱ्यावर ठेवलंत रे त्याला? इतकी वर्षं? कुणी बदली द्यायलासुद्धा आलं नाही?"

"मला माहीत नव्हतं, मावशी." रुतिलिओ लहान पोरासारखा रडायला लागला. "देवाशपथ, माहीत नव्हतं."

"तुला कधी काय माहीत असतं," मावशी म्हणाली. पण तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

मेल्गारनं सांगितलं ते असं. दगडांच्या फटीतून त्याला पेट्या दिसल्या होत्या. लाकूड कुजलेलं, आणि घरी बनवलेल्या स्फोटकांना घाम सुटलेला, आतला रस बाहेर पाझरलेला. वर्षानुवर्षं चुलीची ऊब लागून ती इतकी बिघडली होती की उचलून नेता येणार नव्हती. एक पेटी कलली तरी संपलं. जिथल्या तिथं उडवायला लागणार. म्हणजे घर जाणार, चूल जाणार, क्रूस जाणार.

"आणि तो?" मावशीनं विचारलं.

"त्याला आधी वर काढीन. एकेक हाड काढीन, आई. त्याशिवाय तार जोडणार नाही."

न्यायाधीश साहेबांना खेचरावर बसवून आणलं, कारण हाडं काढायची तर त्यांची सही लागते. त्यांनी नाकाला रुमाल लावून सही केली. मेल्गार पुन्हा खाली गेला. त्याची माणसं त्याला परत बोलवत होती, साहेब, फार वेळ थांबू नका तिथं. त्यानं ऐकलं नाही. लढाईत त्यानं काय काय केलं असेल ते मला माहीत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा राग करावा की त्याचे पाय धरावेत, हेही कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

मावशीनं घरातली चांगली चादर मागवली होती, सणाला अंथरायची. मेल्गार ती गाठोडं करून दोन्ही हातांवर घेऊन वर आला. मावशीनं हात पुढं केले. घेतलं. तोलून पाहिलं.

"केवढासा झालाय," ती म्हणाली.

चायो म्हणाली, "मावशी, जड होईल, दे इकडं."

"नऊ महिने जड झाला नाही तो," मावशी म्हणाली. आणि दगडाच्या आडोशाला बसून तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. चादरीतून चाचपून चाचपून तिनं डोकं कुठल्या बाजूला आहे ते शोधलं आणि ते आपल्या कोपराच्या घडीत घेतलं, तान्ह्याला घेतात तसं.

मी तिच्या शेजारी बसले. सारखं वाटत होतं, काहीतरी बोलावं. घर परत बांधू, समिती पैसे गोळा करील, नवीन क्रूस लावू, असलं काहीतरी. तोंडातून शब्द फुटेना. माझ्यासारखीच्या!

मेल्गारची माणसं तार घेऊन मागं सरली. शिट्टी वाजली. मग दुसरी. एकजण ओरडत गेला, "खाली वाका! कान झाका!" बाया पोरांना पोटाशी घेऊन आडव्या झाल्या. निळ्या टोपीवाला पालथा पडला. रुतिलिओनं टोपी कानांवर ओढली. मीपण दोन्ही कानांत बोटं घातली आणि मावशीला खुणेनं सांगितलं, कान, मावशी, कान!

तिनं शाल सोडवली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शाल गाठोड्यावर पांघरली, वर ओणवी झाली, आणि दोन्ही तळहात चादरीतल्या त्या डोक्याच्या दोन बाजूंना घट्ट दाबून धरले.

"घाबरू नको हं," ती म्हणाली. "मी आहे."

आणि मग समोरचा उतार उडाला.